टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धा आणि स्वतःची गाणी: मराठवाड्यातल्या गायक-गीतकारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नुसतं गाणाऱ्यांसाठी नाही. जे गातात, शिवाय स्वतः लिहितात आणि चालीही लावतात, अशांसाठी आहे. त्यांच्या अडचणी वेगळ्या असतात. स्पर्धा आवाजाची असते आणि यांच्याजवळ आवाजाखेरीज आणखी एक ऐवज असतो. तो सांभाळायचा कसा, हे सहसा कुणी सांगत नाही.

ऑडिशनला माझं स्वतःचं गाणं म्हणू का?

पहिल्या फेरीत नको. तिथे मोठे परीक्षक नसतात, निर्मिती कंपनीची माणसं बसलेली असतात आणि एका उमेदवाराला मिनिट-दीड मिनिट मिळतं. त्यांच्या कानात मूळ गाणं पक्कं असतं. तुमचा सूर, ताल, हरकती ते त्याच्याशी ताडून बघतात. अनोळखी गाण्यात एखादा सूर चालीतच तसा आहे की तुमच्याकडून घसरला, हे कळायला त्यांच्याकडे वाव नसतो. संशय आला की नाव खोडलं जातं.

आधी दोन ओळखीची गाणी म्हणा. ‘आणखी काही?’ असं विचारलं, तरच आपल्या गाण्याचा मुखडा, तोही २०-२५ सेकंदांत. ‘हे माझं आहे’ एवढंच सांगायचं. गाण्यामागची कहाणी सांगत बसू नका.

याला अपवाद रॅपचा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘एमटीव्ही हसल’मध्ये स्वतः लिहिलेल्या ओळींचीच परीक्षा असते. रॅप करणाऱ्याने सुगम संगीताच्या रांगेत दिवस घालवू नये.

मग गीतकाराने अशा कार्यक्रमात जावंच कशाला?

ओळख मिळते म्हणून. लातूरचा रोहित राऊत मराठी ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’च्या २००८-०९ च्या पर्वात शेवटच्या पाचांत होता; विजेती ठरली कार्तिकी गायकवाड. पुढे दहा वर्षं काम करत राहून तो ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात उतरला आणि २०२० मध्ये उपविजेता झाला. अरिजित सिंग २००५ च्या ‘फेम गुरुकुल’मधून अंतिम फेरीआधीच बाद झाला होता. ट्रॉफी आणि कारकीर्द यांचा संबंध लोक समजतात तेवढा घट्ट नाही. गाणं लोकांपर्यंत नेणारी चार माणसं आणि तुमचं नाव आठवणारे काही हजार श्रोते मिळाले, तरी गीतकाराला पुष्कळ झालं.

ऑडिशन मराठवाड्यात होतात का?

दर पर्वाला शहरं बदलतात. मराठी कार्यक्रमांच्या यादीत मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर यांपैकी काही असतात. हल्ली पहिली चाळणी बऱ्याचदा वाहिनीच्या ॲपवर व्हिडिओ मागवूनच होते. नांदेड, लातूर, धाराशिवपर्यंत कुणी येईल म्हणून वाट बघू नका.

मुंबईला जायचं तर नांदेड-परभणी-जालना पट्ट्याला देवगिरी, नंदीग्राम, तपोवन आहेत. लातूर-धाराशिवला लातूर-मुंबई एक्स्प्रेस. तपोवन दिवसभर चालून रात्री पोचते, झोपून सकाळी गाता येतं. रात्रीच्या गाडीने पहाटे उतरून थेट रांगेत उभं राहणं मात्र टाळा. जागरण, एसीची कोरडी हवा आणि गप्पा या तिन्हींनी आवाज बसतो, आणि तो दुपारपर्यंत सुटत नाही.

किती गाणी तयार ठेवू? आणि पट्टी कशी ठरवू?

पाच-सहा पुरेत, पण जातकुळी वेगवेगळी हवी: एक संथ भावगीत किंवा गझल, एक जुनं हिंदी, एक नवं, एक ठेक्याचं लोकगीत आणि शास्त्रीय बैठक दाखवणारं एक. प्रत्येकाचा मुखडा आणि एक अंतरा बिनचूक हवा. ‘दुसरा अंतरा म्हण’ असं सांगून अडवणारेही भेटतात, म्हणून निदान दोन गाणी तरी पूर्ण पाठ असावीत.

खरी गडबड पट्टीत होते, म्हणजे गाण्याचा ‘सा’ पेटीवर कुठे धरायचा यात. पुरुषांना साधारण काळी एक ते काळी दोन आणि स्त्रियांना काळी चार ते काळी पाच सोयीची पडते, पण हा ठोकताळा झाला. स्वतःपुरतं असं करा: पेटीवर गाण्यातला सगळ्यात वरचा सूर शोधा. आवाज उत्तम लागलेल्या दिवशी तुमची जी कमाल मर्यादा असते, तिच्या निदान एक पूर्ण सूर खाली हा सूर यायला हवा. सहा-सात तास रांगेत थांबल्यावर तेवढा फरक पडतोच.

ऑडिशनला बहुधा वाद्यं नसतात. घाबरलेला गायक नेहमीपेक्षा अर्धा-एक सूर वरून सुरुवात करतो. मुखडा छान जातो आणि अंतऱ्याला तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, आवाज फाटतो. उपाय साधा आहे: फोनमध्ये तानपुऱ्याचं ॲप ठेवा, आत जायच्या आधी कानाला लावून षड्ज घ्या, हळू गुणगुणत दारापर्यंत जा.

फक्त कराओकेवर रियाज करणाऱ्यांची दुसरी अडचण असते. ट्रॅक नसला की ते अंतऱ्याच्या आधीची जागा खाऊन टाकतात आणि लय वाढवतात. आठवड्यातले तीन दिवस ट्रॅक बंद ठेवून, मांडीवर केरवा किंवा दादरा धरून गा.

हिंदी कार्यक्रमात उच्चारांवरून बाद करतात का?

करतात. मराठी तोंडाला हिंदीतला ‘च’ आणि ‘ज’ दाताला चिकटवायची सवय असते. शिवाय ज़, फ़, ख़ सरसकट ज, फ, ख होतात. उर्दू नीट बोलणाऱ्या माणसासमोर बसून गाण्याचे शब्द आधी नुसते वाचून घ्या. संभाजीनगर, परभणी, नांदेडला अशी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. ही आपल्या भागाची जमेची बाजू आहे आणि ती फारच कमी जण वापरतात.

घरून व्हिडिओ पाठवायचा आहे. स्टुडिओत रेकॉर्ड करू का?

नको. बहुतेक सूचनांत ‘संपादन नसलेला, एका दमात घेतलेला’ व्हिडिओ मागतात. स्टुडिओत सूर दुरुस्त करून ओठ हलवलेले त्यांना पहिल्या ओळीत कळतं.

पत्र्याच्या खोलीत घेऊ नका. आवाज घुमतो आणि दुपारी तापलेले पत्रे तडतडतात. स्लॅबची लहान खोली निवडा. समोरच्या भिंतीवर आणि पाठीमागे दोरीवर गोधड्या टांगा, दोन-तीन जाड गोधड्यांत घुमारा जवळपास बसतो. पंखा आणि कूलर बंद. मग मे महिन्यात रेकॉर्डिंग पहाटेच करावं लागेल, पण तेव्हा आवाज जड असतो, म्हणून आधी अर्धा तास खर्ज भरा, म्हणजे अगदी खालच्या सुरांचा रियाज करा. फोन विमान मोडवर टाकून छातीच्या उंचीवर, हातभर अंतरावर स्टँडला लावा. हातात धरायला देऊ नका. खिडकी तुमच्या तोंडासमोर हवी. ती पाठीमागे राहिली तर चेहरा काळा येतो. सोबत हार्मोनियम असेल तर ती फोनपासून लांब ठेवा, नाहीतर पेटीच ऐकू येते आणि गायक मागे पडतो.

चुकलात तर पूर्ण गाणं पुन्हा घ्या. मधला तुकडा जोडू नका.

निवड पक्की करण्यासाठी पैसे मागत आहेत. द्यावेत का?

एक रुपयाही देऊ नका. नामांकित वाहिन्या ऑडिशनसाठी किंवा निवडीसाठी पैसे घेत नाहीत. ‘नोंदणी शुल्क’, ‘ड्रेसचा खर्च’, ‘थेट मेगा ऑडिशन’ अशा नावाखाली फोन येतो, वाहिनीचा लोगो असलेलं पत्रही येतं. वाहिनीच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा ॲपवर ती माहिती नसेल तर विषय संपला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

गोंधळ, भारूड, भीमगीतं ही माझी तयारी आहे. तिथे चालेल?

चालतं, आणि उठून दिसतं. संबळाच्या ठेक्यावर वाढलेल्या पोराची लय शहरातल्या क्लासमध्ये तयार होत नाही. पण दोन गोष्टी सांभाळा. एक, फक्त खुल्या, चढ्या आवाजाचंच गाणं दाखवलंत तर ‘लोकगीतवाला’ असा शिक्का बसतो आणि पुढच्या प्रत्येक भागात तेच दिलं जातं. दुसऱ्या गाण्यात हळुवार आवाज दाखवाच. दोन, जयंतीच्या आणि जत्रेच्या स्टेजवर मोठ्या स्पीकरपुढे ओरडून गायची सवय लागते, ती माइकवर कर्कश येते. वरच्या सुरांना माइक वीतभर लांब न्यायला शिका.

निवड झाल्यावर आत नेमकं काय होतं?

गाणी बहुतेक वेळा क्रिएटिव्ह टीम ठरवते, कारण प्रत्येक गाण्याच्या वापराचे हक्क वाहिनीला संगीत कंपनीकडून घ्यावे लागतात आणि प्रेक्षकाला गाणं ओळखीचं हवं असतं. तुमचं स्वतःचं गाणं सहसा का येत नाही, त्याचं हेच उत्तर. मग ग्रूमरसोबत, म्हणजे तयारी करून घेणाऱ्या मार्गदर्शकासोबत, पट्टी ठरते, गाणं अडीच-तीन मिनिटांत बसवलं जातं, वाद्यवृंदासोबत तालीम होते आणि चित्रीकरण. चित्रीकरणाचा दिवस फार लांबतो. मेकअप सकाळी आणि गाणं मध्यरात्री, असंही होतं. प्रसारणाआधी आवाजावर तांत्रिक हात फिरवला जातो, त्यामुळे टीव्हीवर ऐकलेल्या स्वतःच्या आवाजावर भाळू नका.

रात्री उशिरा तिखट जेवून लगेच झोपलं की पित्त घशाशी येतं आणि सकाळी आवाज खरखरतो. सेटवरच्या बहुतेक ‘आवाज बसला’ तक्रारींमागे गार पाण्यापेक्षा हे आणि अपुरी झोप असते. आवाज बसल्यावर कुजबुजून बोलू नका, त्यानेही घशावर ताण येतो, गप्प बसा. घोगरेपणा तीन आठवड्यांवर गेला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्या.

घरची परिस्थिती दाखवायला गावात कॅमेरा येणार आहे. काय सांगायचं, काय नाही?

त्या फितीला तिथे ‘एव्ही’ म्हणतात. दुष्काळ, कर्ज, ऊसतोड यांपैकी काहीतरी त्यांना हवंच असतं. खरं असेल ते सांगायला हरकत नाही. मात्र कॅमेरा यायच्या आधी घरात बसून ठरवा: कुणाचं आजारपण, कुणाची आत्महत्या, बहिणीच्या लग्नाची बोलणी यांतलं काय बाहेर जाणार नाही. एकदा चित्रित झालेलं परत मागता येत नाही, आणि ती दोन मिनिटं इंटरनेटवर वर्षानुवर्षं राहतात. आई-वडिलांना कॅमेऱ्यापुढे नाही म्हणणं जड जातं. त्यांच्या वतीने तुम्ही नाही म्हणा.

मतदानासाठी जिल्हाभर फ्लेक्स लावावेत का?

फ्लेक्सने मतं वाढत नाहीत. मत कोणत्या ॲपवर, कोणत्या वेळेत, एका खात्यावरून किती, हे समजावणारा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत फिरला तर थोडी वाढतात. फ्लेक्सवरचे पुढारी तुमच्या नावाला कायमचे चिकटतात, हेही ध्यानात घ्या.

करारात कोणत्या कलमांकडे बघू?

नाव पक्कं झाल्याच्या आनंदात, तालमीच्या खोलीबाहेर, पाच मिनिटांत सही मागतात. ‘वकिलांना दाखवून उद्या देतो’ म्हणायचं. नीट वागणारी कंपनी एक दिवस थांबते. मग पुढच्या गोष्टी शोधा.

कार्यक्रम संपल्यावर किती महिने दुसरीकडे गायला बंदी आहे? बाहेरच्या कार्यक्रमांच्या मानधनात त्यांचा वाटा किती टक्के, आणि तो त्यांनी आणलेल्या कामावरच की तुम्ही स्वतः मिळवलेल्या कामावरही? मध्येच सोडलं तर दंड किती?

गीतकारासाठी सगळ्यात मोलाचं कलम वेगळंच असतं: ‘स्पर्धकाने निर्माण केलेली सर्व कामं’ कंपनीच्या मालकीची, अशा अर्थाची ओळ. यात तुमची जुनी वहीसुद्धा ओढली जाऊ शकते. करारासोबत एक परिशिष्ट जोडून घ्या: आतापर्यंतच्या प्रत्येक गाण्याचं नाव, पहिली ओळ, लिहिल्याची तारीख, चाल कुणाची, आणि ‘ही कामं या करारातून वगळली आहेत’ हे वाक्य. दोन्ही बाजूंच्या सह्या परिशिष्टावरही हव्यात.

कायदा इथे बऱ्यापैकी तुमच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हक्क देणं लेखीच असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात घेतलेल्या गाण्याच्या गीतकाराला आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा वारस किंवा कॉपीराइट संस्था सोडून कुणाला देऊन टाकता येत नाही.

गाणं माझंच आहे, हे सिद्ध कसं करू?

हक्क निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पण भांडण झालं तर नोंदणी कामाला येते. अर्ज ऑनलाइन होतो. शब्दांसाठी ₹५०० आणि चालीसाठी वेगळे ₹५००, कारण कायद्याच्या नजरेत ती दोन कामं आहेत. ध्वनिमुद्रणाची नोंदणी हवी तर ₹२,०००. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. तेवढे पैसे नसतील तर निदान साधं डेमो रेकॉर्डिंग आणि शब्द स्वतःला ईमेल करून ठेवा, तारखेचा पुरावा राहतो. पाकीट स्वतःला पोस्टाने पाठवून न फोडता ठेवायचा जुना उपाय लोक अजून सांगतात. त्यावर भिस्त ठेवू नका.

चाल मित्राची असेल तर वाटा किती टक्के ते व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या. पारंपरिक ओवी किंवा एकनाथांचं भारूड घेतलं असेल तर मूळ शब्दांवर आता कुणाचाच हक्क नाही. तुम्ही जोडलेल्या ओळी आणि तुमची नवी चाल एवढंच तुमचं. गाणं प्रसिद्ध झालं की आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व घ्या, नाहीतर सादरीकरणाची रॉयल्टी जमा होऊनही तुमच्यापर्यंत येणार नाही.

लेकरू लहान आहे. नियम काय?

१८ च्या आतल्याने केलेला करार कायद्याने टिकत नाही, सही पालकाची लागते. १४ च्या आतलं मूल असेल तर निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी काढायची असते. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. पाच मुलांमागे निदान एक जबाबदार व्यक्ती हवी, आणि मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत गेले पाहिजेत. पावती मागा. मागितल्याशिवाय सहसा कुणी दाखवत नाही.

मुलगा १२ ते १५ च्या दरम्यान असेल तर आवाज फुटण्याचा काळ जवळ आहे, हे धरून चला. बालगायक म्हणून मिळालेली पट्टी दोन-चार महिन्यांत हातची जाते. त्या काळात जुन्याच पट्टीत गायला लावू नका. खाली आणा, रियाज थोडा करा आणि लिहिणं, पेटी, ताल यांकडे वळवा. हाच मुलगा पुढे गीतकार होण्याची शक्यता इथेच तयार होते.

१० लाखांचं बक्षीस मिळालं तर हातात किती येतात?

टीव्हीवरच्या स्पर्धेतल्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. देतानाच ३ लाख कापून ७ लाख मिळतात. उपकराचे १२,००० विवरणपत्र भरताना द्यायचे. हातात राहतात ६,८८,०००. ‘माझं उत्पन्नच नाही, मग कर कसला?’ हे इथे चालत नाही, कारण करमुक्त मर्यादेचा फायदा या रकमेला मिळत नाही. गाडी जिंकलात तर चावी मिळण्याआधी कराची रक्कम भरावी लागते. ती कोण भरणार, हे आधीच विचारा.

बाद झालो. आता गाणी कधी आणू?

भाग आधी चित्रित होतो आणि नंतर दिसतो. मधल्या दिवसांत तुम्हाला गुप्तता पाळायची असते, पण कामाला तेवढा वेळ सोन्यासारखा आहे. करारात बंदी नसेल तर पहिलं गाणं तयार ठेवा, म्हणजे तुमचा शेवटचा भाग दिसेल त्या आठवड्यात ते बाहेर येईल. त्यासाठी ते वितरकाकडे, म्हणजे गाणं स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीकडे, चार आठवडे आधी द्यावं लागतं: २४ बिटची वेव्ह फाइल आणि ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी मुखपृष्ठ.

इथे हमखास एक घोळ होतो. जाधव, शिंदे, गायकवाड ही आडनावं असलेले अनेक गायक असतात आणि तुमचं गाणं दुसऱ्याच्याच पानावर जाऊन बसतं. अर्ज भरताना ‘नवीन कलाकार’ निवडा आणि नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. पार्श्वसंगीत म्हणून नेटवरचा तयार ट्रॅक वापरला असेल तर यूट्यूब तुमच्याच गाण्यावर दुसऱ्याचा दावा लावतं. कार्यक्रमातल्या स्वतःच्या क्लिपाही स्वतःच्या चॅनलवर चढवू नका. त्या वाहिनीच्या आहेत, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक (कॉपीराइट मोडल्याच्या नोंदी) आले तर चॅनल जातं. अधिकृत दुवा पाठवा.

पैशांचं म्हणाल तर स्पॉटिफायवर एखादं गाणं १२ महिन्यांत १,००० वेळा वाजल्याशिवाय त्यावर काही मिळत नाही. यूट्यूबच्या जाहिरातींसाठी १,००० सदस्य लागतातच, आणि त्यासोबत वर्षात ४,००० तास पाहिलं जाणं किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. पहिली काही वर्षं घर सुपाऱ्यांवरच, म्हणजे पैसे ठरवून केलेल्या स्टेज कार्यक्रमांवरच, चालतं.

सुपारी घेताना काय ठरवू?

निम्मे पैसे तारीख देताना, उरलेले स्टेजवर चढण्याआधी. उतरल्यावर आयोजक सापडत नाही. गायकासमोर दोन मॉनिटर (स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ठेवलेले स्पीकर), जनरेटर, माइकची संख्या आणि साउंड चेकची वेळ व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. ट्रॅक तुमच्या पट्टीत, लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर दोन्हीकडे ठेवा. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, त्यामुळे भाषणं लांबली तर तुमचीच गाणी कापली जातात. आपली वेळ भाषणांच्या आधी मागा. आणि यादीत तुमचं एक गाणं तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर घाला. शेवटी ठेवलंत तर लोक चपला शोधत असतात.

हंगाम गणेशोत्सव आणि नवरात्रीचा, मग चैत्रातल्या जत्रा आणि १४ एप्रिलच्या आसपासचे जयंतीचे कार्यक्रम. बीड-धाराशिवकडे दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेली माणसं परतेपर्यंत बऱ्याच गावांत स्टेजच लागत नाही. खरीप गेला की जत्रा समित्या आधी गाण्याचा खर्च कापतात. तेव्हा एका चांगल्या हंगामावर गाडीचा हप्ता काढू नका.

कॉलेज सोडू का?

नको. चित्रीकरणाच्या काळात गैरहजेरीसाठी प्राचार्यांना आधी अर्ज द्या, वाहिनीचं पत्र जोडा. शिवाय मराठवाड्यातल्या दोन्ही विद्यापीठांचे युवक महोत्सव कॉलेजात असतानाच मिळतात. परक्या वाद्यवृंदासोबत गायची तालीम तिथे फुकट होते.

टीव्हीशिवाय दुसरी वाट आहे का?

आकाशवाणीची स्वरचाचणी द्या. मराठवाड्यात संभाजीनगर, परभणी, नांदेड, बीड आणि धाराशिवला केंद्रं आहेत. तिथे सुगम, भक्ती आणि लोकसंगीत यांची वेगवेगळी चाचणी होते आणि पास झालात की श्रेणी मिळते. मानधन थोडं, पण पत्रावर श्रेणी लिहिता येते. अर्ज कधी घेतात ते जवळच्या केंद्रावर जाऊन विचारा. जाताना गाण्यांची यादी रागाच्या किंवा चालीच्या नावासह, दोन प्रतींत न्या.